खापऱ्याचं गाऱ्हाणं

आमच्या घरात फण्या टिकत नसत. बाजारातून आणलेली नवी कोरी फणी शेवंता आतेच्या केसांत शिरली की तिचे दोन-चार दात मोडलेच म्हणून समजायचं, आणि उरलेल्यांची वाट माझे केस लावत. शेवंता आते म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. तिचे आणि माझे केस एकाच वाणाचे, राठ आणि डोक्याला चिकटून गोल गोल वळलेले. "हेच्यापरास काथो विंचरूक सोपो," असं आई माझी वेणी घालताना पुटपुटायची. आते सकाळी चूल पेटवण्याआधी वाटीभर खोबरेल डोक्यावर ओतायची, त्यावर ओला पंचा करकचून बांधायची आणि दुपारपर्यंत तशीच वावरायची. पंचा सोडला की केस घटकाभर शहाण्यासारखे बसत. मग ती खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सुके मासे उलटायला जाई, वारा लागे, आणि केस पुन्हा होते तिथे. तिचा रडवेला चेहरा बघून आजोबा म्हणायचे, "गो, ते आपल्या मुळार जातत. तू कित्या तेंच्या वाटेक जातंस?" आते सूप उचलून आत निघून जायची.

रेडीच्या अलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथे आमची वाडी. वाडी रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून एकच मोठं जाळं ओढायचं आणि मिळेल ते वाटून घ्यायचं, असा धंदा. ओढताना पुरुषांचा एक सूर लागायचा. तो घरात चुलीपाशी ऐकू येई, आणि आज जाळं जड आहे की हलकं हे आई त्यावरून सांगायची. जड असलं की मसाल्याच्या वाटपाला खोबरं जास्त. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि वर सोलकढी. तो वास अजून कुठे आला तर मी चालता चालता थांबते. हल्ली वाडीत घरोघर पर्यटक उतरतात, पाटीवर 'अस्सल मालवणी थाळी' लिहिलेलं असतं आणि थाळीत तिरफळाचा पत्ता नसतो. असो. त्या दिवसांत बंदराकडे लोहखनिजाचे ट्रक जायचे आणि त्यांची लाल धूळ सगळीकडे बसायची, कौलांवर, माडांवर, माणसांच्या डोक्यांवर. त्या रस्त्याने आलेल्या सगळ्यांचे केस सारखेच दिसत. आतेला तो रस्ता फार आवडायचा.

आमच्या घराला वाडीत 'खापऱ्याचे' म्हणत. शब्द गोव्याकडून आलेला. पोर्तुगीज लोक आपल्या जहाजांतून आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून आणत, त्यांना तिकडे खापरी म्हणत. त्यातलाच एक पायातल्या बेडीसकट तेरेखोलची खाडी पोहून इकडे आला. वाडीने त्याला लपवलं. तो रापण ओढू लागला, इथल्याच एका मुलीशी त्याचा संसार झाला, आणि म्हातारपणी तो खाडीच्या तोंडाशी जाळ करून बसे, चुकलेल्या होड्यांना वाट दिसावी म्हणून. तो आमचा मूळ पुरुष. तो गेल्यावर जाळाच्या जागी उंडलीच्या झाडाखाली एक काळा पाषाण बसवला आणि तो वाडीचा राखणदार झाला. त्याला नारळाबरोबर भाकरी आणि पेटवलेली विडी लागते. होडी दर्यात घालण्याआधी भलेभले त्याच्यापुढे विडी ठेवून वाकत, आणि तेच लोक परत येताना मला बघून ओरडत, "गो खापरणी, आवशीक सांग मासो नेऊक!" देव म्हणून तो सगळ्यांचा होता, पूर्वज म्हणून एकट्या आमचा. वरच्या गावांतले, भातशेती आणि काजूच्या बागा असलेले लोक आमच्या अख्ख्या वाडीलाच ओसरीखाली बसवत, म्हणून तर वाडीला आपल्याखाली कोणीतरी हवं होतं. मला हे फार लहानपणी कळलं, कारण ते कोणीतरी मी होते.

वाडीत खापऱ्याचं मूळ मोठ्याने सांगितलं जाई ते वर्षातून एकदाच, रापणीच्या गाऱ्हाण्यात. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाशी चारचौघांत केलेलं बोलणं. एकाने बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्या पुरुषांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' असा हुंकार भरायचा. बायकांनी मनातल्या मनात म्हणायचं. हुंकार आला नाही तर बोलणं देवापर्यंत पोचलं नाही असं धरत. पण हुंकार आला नाही असं कधी घडतच नसे. शिंक यावी तसा तो आपसूक यायचा. गाऱ्हाणं घालण्याचा मान आजोबांचा. एरवी हळू बोलणारा माणूस, पण नारळ हातात घेतला की आवाज पार पलीकडच्या डोंगराला लागायचा.

शेवंता आतेचं लग्न जमत नव्हतं. रंगाने ती काळी, पण काळ्या मुलींची लग्नं आमच्याकडे होत होती. अडायचं ते केसांपाशी. बघायला आलेली मंडळी चहा पीत, आईच्या हातच्या लाडवांची वाखाणणी करत, आणि मग त्यांच्यातली एखादी म्हातारी पदर सारखा करण्याच्या मिषाने आतेच्या डोक्यावरून हात फिरवी. तो हात चटका बसल्यासारखा मागे येताना मी बघितला आहे. "मागाहून कळवतो" म्हणून माणसं जात, आणि कळवायला यायची एसटी त्यांना कधी मिळत नसे. बाबांचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. गाऱ्हाण्यातली तेवढी ओळ नसती तर बाहेरच्यांना काय कळलं असतं? केसांचं काय, कुणाचेही असतात. आजोबा हे ऐकून घेत आणि जाळ्याचं भोक शिवत राहत.

त्याच सुमाराला वाडीच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, आणि त्यानिमित्ताने गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं कमिटीने ठरवलं. ते लिहायला शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक प्राध्यापक आले, मूळचे आमच्याच पंचक्रोशीतले. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. माणूस सज्जन. कोणाच्याही खळ्यात बसत, दिलं ते खात, म्हाताऱ्यांचं बोलणं मध्ये तोडत नसत. आमच्याकडे आले त्या दिवशी आईने तिसऱ्यांची एकशिपी केली होती. सर एकेक शिंपला चोखून ताटाच्या कडेला ओळीने लावत होते आणि आजोबा खापऱ्याची सबंध गोष्ट सांगत होते, बेडीपासून जाळापर्यंत. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. हे आता छापून येणार, एवढंच डोक्यात होतं. शाळेच्या पुस्तकात ज्यांची नावं असत त्यांना कोणी हसत नसे. खापरी पुस्तकात गेला की मला खापरीण म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील, असा माझा सरळ हिशेब होता.

हात धुऊन आल्यावर सर म्हणाले, "आजोबा, गोष्ट खरी असेल. पण मी ती घालू कुठे?"

"पुस्तकात," आजोबा म्हणाले.

"पुस्तकाची प्रकरणं ठरलेली आहेत. किल्ले, आरमार, देवस्थान. गुलामगिरी हा पोर्तुगीजांच्या इतिहासाचा भाग झाला. काळा-गोरा हा भेद त्यांचा. आपल्याकडे तो नव्हताच, मग आपल्या इतिहासात तो कसा येईल?"

आजोबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या चेडवाक शाळेत काय म्हणतत, ता इचारा."

सर माझ्याकडे बघून हसले. प्रेमानेच हसले. "मुलं चिडवायचीच हो. तो काही इतिहास नव्हे."

पुढे तोडही सरांनीच काढली. काही दिवसांनी कमिटीच्या अध्यक्षांना बरोबर घेऊन ते पुन्हा आले आणि लिहिलेला मजकूर वाचून दाखवला. खापरी त्यात होता. फक्त तो आता 'खापरोबा' झाला होता, स्वराज्याच्या आरमारातला शूर शिलेदार, फिरंग्यांचं गलबत बुडवून खाडी राखताना धारातीर्थी पडलेला. "नाव राहिलं, राखण राहिली, तुमच्या घराण्याला मान मिळाला," सर म्हणाले. मी विचारलं, "पण असं कुठे लिहिलेलं आहे?" बाबांनी डोळे वटारले. सरांना मात्र राग आला नाही. ते म्हणाले, "बाळ, तुझ्या आजोबांचं तरी कुठे लिहिलेलं आहे?" आयुष्यभर इतिहास शिकवून झाल्यावर आज मला याचं उत्तर येतं, की एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या आपल्याला नुकसान सोसून कोणी सांगत आलं आहे आणि दुसरी कोणाच्या तरी सोयीसाठी काल जन्मली आहे. पण आता ऐकायला सर नाहीत. त्या दिवशी मात्र आते स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि सरांच्या पाया पडली. बाबांना इतकं खूश झालेलं मी माशांची रास लागल्यावरही पाहिलं नव्हतं.

कारण तसंच होतं. विजयदुर्गाकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा होडीवर तांडेल, घरची परिस्थिती बरी. मध्यस्थाने त्यांना सांगून ठेवलं होतं, शिलेदाराचं घराणं आहे, पुस्तकात छापून येतंय. पुस्तकाचं प्रकाशन रापणीच्या गाऱ्हाण्याच्या दिवशीच होतं आणि मुलाकडची मंडळी त्याला येणार होती, जेवूनखाऊन सुपारी फोडणार होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सरांनी गाऱ्हाणंही छापलं होतं, नव्या ओळीसकट. आजोबांना वाचता येत नव्हतं. ती ओळ त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

आम्ही खळ्यात बसायचो, ते जाळं शिवत, मी पुस्तक घेऊन.

"शूर शि... काय गो ता?"

"शिलेदार."

"म्हणजे कोण?"

"स्वतःचो घोडो घेऊन लढाईक जाता तो."

आजोबा सुई थांबवून माझ्याकडे बघत राहिले. "दर्यात घोडो? खापऱ्याक सरांनी घोडो खंयसून हाडलो?" आणि मग इतके हसले की आई बाहेर आली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं ती म्हणाली आणि तीही हसली. आमच्या घरातलं ते शेवटचं मोठं हसू, म्हणून ते माझ्या लक्षात आहे. हसून झाल्यावर आजोबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "वाच परत. शेवंतेसाठी म्हणतंय मी. माका काय, तेका कळतला." तेका म्हणजे खापऱ्याला. त्यांनी ती ओळ खरोखर पाठ केली. गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळी अंघोळ करतानासुद्धा ते ती म्हणत होते, मी ऐकलं आहे.

उंडलीखाली मांडव घातला होता. पाहुण्यांना खुर्च्या, बाकीचे वाळूत. मुलाचे वडील पुढेच बसले होते, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. आते बायकांत, हिरव्या साडीत, आणि तिचे केस तेल-पाण्याने असे चापून बसवले होते की कपाळ ताणलेलं दिसत होतं. आजोबा नारळ घेऊन पाषाणासमोर उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, आज सालाबादप्रमाणे ही लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत..." व्हय म्हाराजा. "रापणीक यश दी, गेल्लो माणूस घराक हाड..." व्हय म्हाराजा. सूर लागला होता. एकेक देव, एकेक जागा घेत आजोबा खाडीच्या तोंडाशी आले आणि त्यांचा आवाज नेहमी त्या जागी उतरायचा तसा उतरला. तो उतरलेला ऐकला आणि मी मुलाच्या वडिलांकडे बघितलं.

"बा खापऱ्या म्हाराजा, तू दर्यापलीकडच्या मुलखातलो, फिरंग्याच्या तारवातसून इललो, पायातली बेडी घेवन खाडी पोवललो, आमच्यात रवललो, आमचोच झाललो. तुझी भाकर, तुझी विडी तुका पावती केली हा, ती मानून घे..."

हुंकार आला नाही.

लाट आली, फुटली, मागे गेली. ज्यांच्या बापजाद्यांनी या ओळीला हुंकार भरला होता, ज्यांनी स्वतः मागच्या वर्षी भरला होता, ते सगळे पुरुष वाळूकडे बघत उभे होते. बाबा आजोबांच्या मागेच होते. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले नाहीत. आजोबांना वाटलं असावं वाऱ्याने ऐकू गेलं नाही. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, मोठ्याने, शब्द सुटे करून. पुन्हा काही नाही. मग कमिटीचे अध्यक्ष पुस्तक उघडून पुढे झाले आणि ओरडले, "बा शूर शिलेदार खापरोबा म्हाराजा, स्वराज्याच्या आरमारातल्या वीरा!" आणि सगळा मांडव गर्जला, "व्हय म्हाराजा!" झाडावरचे कावळे उडाले. आजोबांनी हातातला नारळ शेजारच्या माणसाला दिला आणि ते वाळूत खाली बसले. त्या नारळाचं पाणी कोणाच्या हातून पाषाणावर पडलं, ते मी बघितलं नाही.

मुलाच्या वडिलांनी शेजाऱ्याला काहीतरी विचारलं. शेजाऱ्याने काहीतरी सांगितलं. माणसं रीतीची होती; जेवली, सोलकढी पुन्हा मागून घेतली, पुस्तकाची प्रतही पिशवीत घातली, आणि सुपारीचं नाव न काढता संध्याकाळच्या एसटीला गेली.

घरी आल्यावर बाबा खूप बोलले. आजोबा एवढंच म्हणाले, "मी नाय म्हटलंय. तोंडात इला." ते खरं की खोटं, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. त्या वाक्यांची वाट इतक्या वर्षांची होती की पाय आपोआप तिकडेच गेले असतील. किंवा नसतीलही. आतेने मात्र तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ती रडली नाही. हिरवी साडी घडी करून ठेवून ती आजोबांसमोर येऊन उभी राहिली. "तुमका खापरी होयो होतो. माका घोव होयो होतो," ती म्हणाली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पण आते, आजोबा खरा तेच बोलले." तिने माझ्याकडे बघितलं. "खरा घेवन काय करू गो? विंचरू?"

त्यानंतर स्थळ आलं नाही. आते आजोबांना ताट वाढायची, पण बोलायची नाही, आणि आजोबा मरेपर्यंत बोलली नाही. गाऱ्हाण्याचा मान अध्यक्षांच्या घरी गेला आणि गाऱ्हाणं पुस्तकात बघून वाचण्याची पद्धत पडली. आजोबा एकटेच उंडलीखाली जात, विडी पेटवून पाषाणावर ठेवत आणि ती विझेपर्यंत बसत. काही बोलत असतील तर हुंकार भरायला तिथे कोणी नव्हतं.

मी इतिहासाची शिक्षिका झाले. का, ते सांगायला नको. दूरच्या देशांत काळ्या लोकांवर गोऱ्यांनी केलेल्या अन्यायाचा धडा मी दर वर्षी शिकवत असे, आणि दर वर्षी मुलांना त्या लोकांची मनापासून दया यायची. एक मुलगी तर रडली होती. मधली सुट्टी झाली की तीच मुलं मैदानावर एका पोराला "ए खापऱ्या" म्हणून चेंडू आणायला पिटाळत. मी वर्गात आमच्या खाडीची गोष्ट सांगून बघितली, पुढच्या बाकावरच्याने हात वर करून विचारलं, "बाई, हे परीक्षेला आहे का?" निवृत्त झाल्यावर मी सरांना शहरात जाऊन भेटले. फार थकले होते. त्यांना सगळं आठवत होतं. "पुढच्या आवृत्तीत बघू," ते म्हणाले. पुढची आवृत्ती निघाली, तीत शिलेदाराचं रंगीत चित्र होतं. तोवर दुसऱ्या कोणी आपल्या ग्रंथात सरांच्या पुस्तकाचा आधार घेतला होता आणि तिसऱ्याने त्या दोघांचा. आता शिलेदाराला तळटिपा आहेत. माझ्याकडे काय आहे? मोडक्या फण्या.

हल्ली तिथे सिमेंटचा पुतळा आहे. नाक सरळ, रंग गव्हाळ, फेट्याखालून खांद्यावर रुळणारे केस. आजोबा ज्याला हसले होते त्या घोड्यासकट. पर्यटक घोड्याच्या मानेला हात लावून फोटो काढतात. विडी ठेवायला कमिटीने मनाई केली आहे, वीराला व्यसन शोभत नाही म्हणून. काळा पाषाण चौथऱ्याच्या भरावात गेला.

या वर्षी गाऱ्हाण्याला मी शेवंता आतेला रिक्षातून घेऊन गेले. तिला आता ऐकू कमी येतं, पण केस, पांढरे झाले तरी, तसेच आहेत. माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुढे पाहुण्यांत बसली होती. तिने मालवणच्या पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेतले आहेत. तिला बघायला मुलाकडची मंडळी आली होती, आणि मुलाची आई बोलता बोलता अधूनमधून तिच्या डोक्याकडे बघत होती. लाउडस्पीकरवर गाऱ्हाणं सुरू झालं. आता हुंकार बायकाही भरतात, तेवढी सुधारणा झाली आहे. वाचणारा खाडीच्या तोंडाशी आला तसं आतेने माझं मनगट धरलं.

"खापऱ्याचा नाव इला?"

"इला," मी तिच्या कानाशी म्हटलं.

"तो खंयसून इलो, ता सांगल्यानी?"

तिच्या चेहऱ्याकडे बघून मला एकदम वाटलं, इतक्या वर्षांनी हिला ती ओळ ऐकायची आहे. "नाय गो आते. नाय सांगल्यानी. शिलेदार म्हणान वाचल्यानी."

आतेने माझं मनगट सोडलं. तिचा चेहरा सैल झाला.

"मगे बरा," ती म्हणाली. "चेडवाचा लगीन ठरूचा आसा." आणि मी गप्पच आहे हे बघून तिने मला कोपर मारलं. "बघतत तुझ्याकडे. म्हण गो."

मुलाची आई खरंच आमच्याकडे बघत होती, आधी आतेच्या केसांकडे, मग माझ्या.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.